बदकाचा सातबारा

बिल चुकते झाले होते. टेबलावर हाडांच्या सूपचे रिकामे वाडगे, थोडी कांद्याची पात आणि एक पातळ पोळी एवढेच उरले होते, आणि ती पोळी खावी की नको या विचारात पत्नी होती. तेवढ्यात वाढप्याने एक छोटे कार्ड आणले आणि दोन्ही हातांत धरून अदबीने माझ्यापुढे केले. कार्डावर एक लांबलचक आकडा होता. आमच्या सहलीबरोबरची दुभाषी मुलगी म्हणाली, ''हा तुमच्या बदकाचा नंबर. १८६४ पासून या दुकानात जेवढी बदके भाजली गेली, त्यांत तुमचे कितवे, ते यावर लिहिले आहे.''

ही गोष्ट २०१८ ची. निवृत्तीनंतरची आमची पहिली मोठी सहल होती आणि आम्ही बीजिंगच्या छ्येनमन भागातल्या 'छ्वानज्यूद' या जुन्या दुकानात 'पेकिंग डक' खायला गेलो होतो. माझ्याबरोबरची मंडळी कार्ड पाहून हरखली. कुणी त्याचा फोटो काढला. मी मात्र छत्तीस वर्षे बँकेत घालवलेला माणूस. एवढा मोठा अनुक्रमांक पाहिला की मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की मधल्या वर्षांची लेजरे कुठे आहेत? चीनमध्ये या दीडशे वर्षांत बंडे झाली, परकी फौजा आल्या, जपान्यांनी शहर घेतले, यादवी झाली, क्रांती झाली, क्रांतीच्या पोटात आणखी एक क्रांती झाली. एवढ्या सगळ्या धामधुमीत रोज संध्याकाळी कुणी बदके मोजून वहीत लिहिली असतील, हे मला पटेना. पण कार्ड मी टाकले नाही. घरी आणून जुन्या पासबुकात ठेवले. आणि मग, रिकाम्या माणसाला जशी खोड लागते तशी, या बदकाचा सातबारा तपासायची खोड मला लागली.

खेड्यातल्या शाखेत पीककर्ज देताना आम्ही आधी सातबारा मागत असू. जमीन कुणाच्या नावावर, फेरफार कधी कधी झाले, आणि 'इतर हक्क' या रकान्यात कुणाचा बोजा आहे. शेतकरी तोंडी सांगे ते वेगळेच असे. ''आमच्या पणजोबांना छत्रपतींनी इनाम दिलेली जमीन आहे, साहेब,'' असे सांगणारे निदान दहा जण मला भेटले असतील. उतारा पाहिला तर पणजोबांनी ती शेजारच्या गावातल्या सावकाराकडून विकत घेतलेली.

पदार्थांच्या इतिहासातही हे असेच चालते. जगात कुठेही एखाद्या पदार्थाचे मूळ विचारा, आधी राजा पुढे येतो. पेकिंगच्या बदकाच्या बाबतीत तर सम्राटांची रांगच आहे. त्यातला सगळ्यात जुना कागद १३३० चा. तेव्हा चीनवर मंगोलांचे युआन घराणे राज्य करत होते. त्या दरबारात आहाराची जबाबदारी असलेल्या हू सिहुई या अधिकाऱ्याने खाण्यापिण्याच्या तत्त्वांवर एक ग्रंथ लिहून सम्राटाला सादर केला. त्यात जंगली हंस आणि बदक भाजण्याची कृती आहे. पण ती वाचली की लक्षात येते, हे आपले बदक नव्हे. पक्षी मेंढीच्या पोटाच्या पिशवीत घालून भाजायचा, अशी ती रीत आहे. गवताळ रानात मेंढरांमागे फिरणाऱ्या लोकांची ती युक्ती. तिचा भट्टीशी संबंध नाही, कुरकुरीत कातडीशी नाही आणि पोळीशी तर नाहीच नाही.

दुसरा दावा नानजिंगकरांचा. मिंग घराण्याची राजधानी आधी त्यांच्याकडे होती. योंगल सम्राटाने ती १४२१ मध्ये उत्तरेला पेकिंगला हलवली आणि जाताना आमचे आचारीही नेले, असे नानजिंगचे लोक सांगतात. नानजिंग हे आजही बदकवेडे शहर आहे. तिथले खारवलेले बदक प्रसिद्ध आहे. युआन मेइ हा अठराव्या शतकातला मोठा कवी नानजिंगला येऊन स्थायिक झाला. त्याने १७९२ मध्ये पाककृतींचे जे पुस्तक काढले त्यात भाजलेल्या बदकाचीही नोंद आहे, पण तिथे कोवळे बदक काट्यावर टोचून विस्तवावर धरले आहे. म्हणजे मंगोलांचे बदक मेंढीच्या पोटात, युआन मेइचे काट्यावर. दोघांचेही कागद खरे आणि दोघांचेही बदक वेगळे. नाव एक असले म्हणून गट नंबर एक असतो असे नाही, हे कुठलाही तलाठी सांगेल.

माझे मत असे, की राजवाड्याचा या बदकावरचा हक्क आपण फार वाढवून सांगतो. सम्राटांनी ते खाल्ले, नक्कीच खाल्ले. पण पदार्थ खाणारा आणि पदार्थ घडवणारा या दोन वेगळ्या जाती आहेत. आज ज्याला जग पेकिंग डक म्हणते ते बाजारात घडले. ज्यांना दिवसाचा गल्ला संध्याकाळी मोजावा लागे अशा माणसांनी ते घडवले.

त्यातले पहिले नाव 'ब्येनयीफांग'चे. हे दुकान आपला जन्म १४१६ चा सांगते. म्हणजे राजधानी यायच्या पाच वर्षे आधी दुकान हजर! हसू येते, पण यात अगदीच अशक्य काही नाही. नवा राजवाडा बांधायचे काम तेव्हा चालू होते, आणि जिथे हजारो माणसे बांधकामाला येतात तिथे खाण्याचे दुकान उद्‌घाटनाची वाट पाहत नाही. या नावाची गंमत अशी, की त्यातली पहिली दोन अक्षरे एका उच्चाराने वाचली तर 'सोयीचे' असा अर्थ होतो आणि दुसऱ्या उच्चाराने वाचली तर 'स्वस्त' असा. गिऱ्हाइकाला दोन्ही हवेच असते. पाटीची कथाही सांगतात. यांग जिशेंग नावाचा एक सचोटीचा अधिकारी दरबारात बलाढ्य मंत्र्याशी वैर घेऊन, खिन्न मनाने आणि रिकाम्या पोटी या दुकानात शिरला, बदक खाऊन खूश झाला आणि त्याने स्वतःच्या हाताने पाटी लिहून दिली. कथा खरी असो वा नसो, माणूस खरा आहे. त्या मंत्र्यावर आरोप केल्यापायी १५५५ मध्ये त्याला देहदंड झाला. त्या मंत्र्याच्या नावाने कुणी दुकान चालवत असल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

आता फेरफार पाहू. या दुकानाची ख्याती वाढली तशी पेकिंगमध्ये त्याच नावाची, किंवा एखादे अक्षर बदललेल्या नावाची, बरीच दुकाने निघाली. आपल्याकडे एकाच मिठाईवाल्याच्या नावाचे 'मूळ', 'जुने' आणि 'खरे' असे तीन फलक एकाच रस्त्यावर दिसतात, त्यातलाच प्रकार. मूळ दुकान पुढे बंद पडले. आज जे ब्येनयीफांग चालू आहे त्याचे धागे १८५५ मध्ये श्यानयूखौ या गल्लीत निघालेल्या अशाच एका दुकानाशी जुळतात. म्हणजे सहाशे वर्षांचे वय हे नावाचे वय. कर्जाच्या अर्जावर मी ते १८५५ च लिहिले असते.

पण भट्टी मात्र अस्सल जुन्या पद्धतीची. ही बंद भट्टी. तिच्यात आधी ज्वारीचा कडबा जाळतात. होय, चिनी लोक ज्याला गाओलियांग म्हणतात ती आपली ज्वारीच. कडब्याच्या धगीने भट्टीच्या भिंती तापून लाल झाल्या की विस्तव विझवायचा, बदके आत ठेवायची आणि दार लावायचे. मग भिंतींच्या उष्णतेवर बदक शिजते. ज्वाळ त्याला दिसतसुद्धा नाही. मध्ये दार उघडून डोकावायचे नाही, कारण उघडले की उष्णता गेली. भिंत किती तापली हे भटाऱ्याला सुरुवातीलाच अचूक कळावे लागते. चूक दुरुस्त करायची सोय या भट्टीत नाही.

दुसरी भट्टी आली ती १८६४ मध्ये, आणि ती आणणारा माणूस मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत आवडता आहे. यांग छ्वानरेन. हबेइ प्रांतातून पोटासाठी पेकिंगला आलेला, छ्येनमनच्या बाजारात फळीवर कोंबड्या-बदके मांडून विकणारा माणूस. पैसा पैसा जोडत राहिला. जवळच सुक्या मेव्याचे एक दुकान बुडायला आले होते, ते त्याने विकत घेतले. बँकेच्या भाषेत, आजारी उद्योग ताब्यात घेतला. दुकानाचे नाव होते 'दज्यूछ्वान'. जागा पाहायला त्याने वास्तुशास्त्राचा जाणकार बोलावला. तो म्हणाला, जागा उत्तम आहे, दोन्ही बाजूंच्या गल्ल्या पालखीच्या दांड्यांसारख्या आहेत, फक्त आधीच्या मालकाचे अपयश झटकायला हवे, तेव्हा नाव उलटे करा. नाव उलटे केल्यावर झाले 'छ्वानज्यूद'. शिवाय मधल्या काळात मालकाचे 'छ्वान' अक्षर पहिले आले. फुकटात झालेले एवढे फायद्याचे नामांतर मी दुसरे पाहिले नाही.

त्या पाटीतही एक भानगड आहे. शेवटचे अक्षर 'द', म्हणजे सद्गुण. ते लिहायला पंधरा रेघा लागतात. पाटीवर चौदाच आहेत. कुणी म्हणते, लिहिणारा प्यायलेला होता. कुणी म्हणते, दुकानात तेरा नोकर आणि एक मालक मिळून चौदा जण होते, म्हणून. सुलेखनातले जाणकार म्हणतात, भानगड काही नाही, जुन्या काळी हे अक्षर दोन्ही तऱ्हांनी लिहीत. मला पहिले कारण जास्त पटते, पण तो माझ्या कादंबरीकारपणाचा दोष आहे.

दुकानाच्या इतिहासात असे सांगतात, की यांगने राजवाड्याला भाजलेले पदार्थ पुरवणाऱ्या ठिकाणचा सुन नावाचा एक भटारी आपल्याकडे आणला. त्याच्याबरोबर टांगती भट्टी आली. या भट्टीला दार नाही. आत फळझाडांची लाकडे जळत असतात. बोर, पीच, नासपती. बोर म्हणजे आपल्या बोरीच्या भाऊबंदातलेच झाड. धूर कमी, आच टिकाऊ. बदके वर आकड्यांना टांगलेली, आणि भटारी लांब काठीने त्यांना फिरवत, जागा बदलत उभा. एकेका बदकाला पाऊण तास, पन्नास मिनिटे लागतात.

पण खरे काम भट्टीच्या आधीचे आहे. बदक मारून, पिसे काढून झाल्यावर मानेकडून त्याच्या कातडीखाली हवा भरतात. पूर्वी तोंडाने फुंकीत, आता पंपाने भरतात. कातडी मांसापासून सुटते आणि बदक फुग्यासारखे टंच होते. मग पंखाखाली बोटभर छेद घेऊन आतडी काढायची. तेवढ्याच छेदातून ज्वारीच्या धाटाचा एक तुकडा आत टेकू म्हणून लावायचा, म्हणजे छाती खचत नाही. मग उकळते पाणी ओतून कातडी आवळायची, माल्टच्या पातळ पाकाचा हात द्यायचा आणि वाऱ्यावर टांगून सुकवायचे. भट्टीत घालण्याआधी मागचे तोंड बंद करून पोटात पाणी भरायचे. बाहेरून भाजणे, आतून उकडणे. मांस कोरडे पडत नाही आणि कातडी काचेसारखी तडकते. ही सगळी बुद्धी कुणा एकाची नव्हे. टेकू कुणी शोधला, पाणी कुणी भरले, हे कुठल्याही दप्तरात नाही. ज्याच्या हातून एक बदक खचले असेल त्याने दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीतून धाट ओढून घेतले असेल, इतकेच.

इथे मला एका नाटकाची आठवण होते. हे जिपिंग या लेखिकेचे 'जगातले पहिले घर' अशा अर्थाच्या नावाचे नाटक १९८८ मध्ये बीजिंगच्या लोकनाट्यगृहाने रंगभूमीवर आणले आणि ते खूप गाजले. नाटकातल्या दुकानाचे नाव 'फूज्यूद' आहे, पण ते कुठले हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. जुना मालक थकलेला. दोन्ही मुलगे बिनकामाचे, एकाला गाण्या-नाटकांचे वेड, दुसऱ्याला कुस्त्या-तलवारींचे. कर्जात गेलेले दुकान वर काढतो तो एक परका व्यवस्थापक. तो माणसे ओळखतो, भटारी सांभाळतो, देणेकऱ्यांना झुलवतो, मजले चढवतो. आणि दुकान उभे राहिले की वारस येऊन हिशेब मागतात, त्याच्यावर संशय घेतात, आणि त्याला जावे लागते. घर कुणाचे, पाहुणा कोण, हा त्या नाटकाचा प्रश्न आहे. मी ते नाटक फक्त भाषांतरातून ओळखतो, पण त्या व्यवस्थापकाला मी ओळखतो. असे किमान चार मुनीम माझ्या टेबलासमोर बसून गेले आहेत. बॅलन्सशीटमध्ये 'गुडविल' म्हणून जो आकडा असतो तो त्यांनी कमावलेला असे, आणि सही मात्र धाकट्या मालकाची.

पुढचा मालक सरकार होते. १९५० च्या दशकात दुकान सरकारी भागीदारीत गेले. पंतप्रधान चौ एन लाय यांना हे बदक मुत्सद्देगिरीच्या फार कामाचे वाटे. परदेशी पाहुण्यांना ते आग्रहाने खिलवत. सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्यावर जुने ते सगळे जाळायची लाट आली तेव्हा पाटी उतरली आणि दुकानाचे नाव नुसते 'बीजिंग भाजलेल्या बदकाचे दुकान' असे झाले. यातला विरोधाभास १९७१ च्या जुलैत दिसला. किसिंजर गुप्तपणे बीजिंगला आले होते. १० जुलैला बोलणी ताणली गेली. चौ यांनी कडक शब्दांत आपली बाजू मांडली, किसिंजर मुद्द्याला मुद्दा खोडू लागले, तेव्हा चौ यांनी त्यांना थांबवले आणि आता जेवू या, नाहीतर बदक गार होईल, असे सुचवले. त्याच जेवणाच्या सुमारास चौ यांनी आपण होऊन सांस्कृतिक क्रांतीचा विषय काढला, असे किसिंजर यांनी आठवणींत लिहिले आहे. ज्या क्रांतीने पाटी उतरवली तिची चर्चा त्या पाटीच्या बदकावर झाली.

इथवर नावाचे आणि भट्टीचे झाले. आता 'इतर हक्क' हा रकाना. तो रकाना बदकाचा स्वतःचा, आणि खरे सांगायचे तर तो वाचायला कुणाला आवडत नाही.

पेकिंगचे बदक पांढरे शुभ्र, बसके, थोराड. दक्षिणेकडून कालव्याने धान्याची गलबते तोंगचौच्या धक्क्याला येत, सांडलेले धान्य खाऊन ही बदके पोसली, असे सांगतात. कालव्याची कथा सुंदर आहे. पण सांडलेल्या धान्यावर बदक पुरेसे चरबट होत नाही. त्यासाठी त्याला कोंबावे लागते. ल्यांग शिछ्यू हा पेकिंगचा लेखक १९४९ मध्ये तैवानला गेला आणि म्हातारपणी आपल्या हरवलेल्या शहरातल्या खाण्याच्या आठवणी लिहीत बसला. भाजलेल्या बदकाबद्दल लिहिताना त्याने कोंबण्याची रीतही लिहून ठेवली आहे. ज्वारीच्या व इतर पिठाच्या बोटांहून जाड वळकट्या करायच्या, बदक दोन्ही पायांत आवळून धरायचे, चोच उघडायची आणि पाण्यात बुडवलेली एकेक वळकटी घशात ढकलायची. बदक ओरडूही शकत नाही. मग त्याला हलता येणार नाही अशा कोंदट खुराड्यात सोडायचे. आधी पंचेचाळीसेक दिवस मोकळे, मग पंधरा-वीस दिवस हे. तेवढ्यात ते अडीच-तीन किलोंचे होते. ज्याला स्वतःच्या गावाची एवढी ओढ होती त्या माणसाने हेही लपवले नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

चिनी भाषेत या कोंबलेल्या बदकाला 'थ्येनया' म्हणतात, आणि हाच शब्द शाळांतल्या घोकंपट्टीला लावतात. मास्तर कोंबतो, पोर गिळते. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षांचा अभ्यास मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत केलेला असल्याने हा वाक्प्रचार मला समजावून सांगावा लागला नाही.

मी ते बदक चवीने खाल्ले, हे इथेच कबूल करतो. ल्यांगचा लेख नंतर वाचनात आला. आधी आला असता तर खाल्ले नसते, असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मात्र या पदार्थाला कलेचा, संस्कृतीचा, वारशाचा जो मान देतात त्यात हा बोजा कुठेच नोंदलेला नसतो, हे मला खटकते. बोजा लपवून जमीन विकणाऱ्याला आपल्याकडे चांगला शब्द नाही.

आणि या पक्ष्याचा पुढचा फेरफार तर कुठल्याही कादंबरीत शोभेल असा आहे. १८७३ मध्ये पेकिंगची मूठभर बदके जहाजाने न्यूयॉर्कला पोचली. त्यांच्यापासून लाँग आयलंडचा बदकांचा मोठा धंदा उभा राहिला. त्याच दशकात ती इंग्लंडलाही गेली. तिथे एल्सबरी नावाचे पांढरे देशी बदक होते, ते या चिवट, लवकर वाढणाऱ्या पाहुण्यापुढे मागे पडले. पुढे लिंकनशायरमधल्या 'चेरी व्हॅली' या कंपनीने पेकिंगच्या वंशातूनच निवड करत करत नवे बदक तयार केले, कमी खाऊन भराभर वाढणारे, मांसाचे, चरबी कमी असलेले. कोंबायची गरज नाही. आणि मग हे इंग्रज झालेले बदक चीनला विकायला आले. चीनमध्ये बदके खपतात ती अब्जांच्या घरात. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या पांढऱ्या बदकांच्या धंद्यात या लिंकनशायरच्या वंशाने बहुतेक सगळी जागा व्यापली होती. बीजिंगच्या नामांकित भट्ट्यांसाठी चरबीवाले देशी बदक पाळले जात राहिले, पण ते आता सगळ्या बाजारातला एक छोटा कोपरा झाले होते. मूळ बियाणे, म्हणजे आजी-आजोबा पिढीची बदके, परक्या कंपनीकडून पैसे मोजून घ्यायची. संकरित बियाण्यासाठी दरवर्षी दुकानाच्या दारात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको.

२००८ मध्ये चीनने टांगती भट्टी आणि बंद भट्टी या दोन्हींच्या कौशल्यांना राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. भट्टी वारसा ठरली तेव्हा तिच्यात जाणारा पक्षी बाजारात परक्याच्या नावावर चढलेला होता. २०१७ मध्ये बीजिंगच्या सरकारी कृषी उद्योगसमूहाने आणि एका सरकारी गुंतवणूक समूहाच्या कृषी कंपनीने मिळून चेरी व्हॅली ही कंपनीच विकत घेतली. किंमत सुमारे १८ कोटी ३० लाख डॉलर. चिनी वर्तमानपत्रांनी 'बदक घरी आले' म्हणून आनंद केला. तो आनंद मी समजू शकतो. गहाण पडलेले घर सोडवून आणताना सावकाराचा हिशेब कुणी फारसा तपासत नाही. पण १८७३ ला गेलेले आणि २०१७ ला आलेले बदक एकच का, हा प्रश्न राहतोच. मधल्या दीडशे वर्षांत त्याचे शरीर बदलले. खाणाऱ्यांची जीभही बदलली. बीजिंगच्या तुंग चनश्यांग या नामांकित शेफने तर आपल्या 'दातुंग'मध्ये कमी चरबीच्या बदकालाच प्रतिष्ठा दिली.

छ्वानज्यूदही बदलले. २००७ मध्ये कंपनीचे शेअर शेनचनच्या बाजारात आले. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी अभिमानाने लावणाऱ्या पुण्यातल्या माणसाला हे कळणार नाही, पण शेअर विकायचे तर शाखा काढाव्या लागतात. शाखा काढायच्या तर भटारी हवेत, आणि भटारी वर्षानुवर्षांनी तयार होतो. म्हणून शाखांसाठी संगणकावर चालणारी भट्टी आली. कुणालाही चालवता यावी म्हणून तिला चक्क 'मूर्खांसाठीची भट्टी' म्हणत. लाकूड नाही, तेव्हा फळांच्या चवीचे पाणी फवारायचे. जुन्या गिऱ्हाइकांनी ओरड केली ती बरोबरच होती. २०१६ मध्ये घरपोच बदकाचा उद्योग काढला, तो वर्षभरातच गुंडाळला. काचेसारखी कातडी डब्यात बंद करून अर्धा तास फिरवली की तिचे काय होते, हे कुठलीही गृहिणी सांगू शकली असती. त्यासाठी संचालक मंडळाची गरज नव्हती. २०२० मध्ये, महामारीच्या वर्षी, दुकानाने आपल्या १५६ व्या वाढदिवशी दर दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरवले आणि सेवाशुल्क रद्द केले. तरी २०२०, २०२१ आणि २०२२ ही तिन्ही वर्षे तोट्याची गेली. २०२३ मध्ये पुन्हा नफा दिसला. त्याच वर्षी चीनच्या व्यापार मंत्रालयाने 'जुनी नावे' म्हणून मान दिलेल्या दुकानांची फेरतपासणी करून ५५ नावे यादीतून काढून टाकली. नाव जुने आहे, पण आत काही उरलेले नाही, या कारणासाठी यादी छाटणारे सरकार मला मनापासून आवडले. आमच्या बँकेत अशी खाती वर्षानुवर्षे 'चालू' म्हणून नूतनीकरण होत असत.

छ्वानज्यूदचे नाव यादीत राहिले. ते राहावे असे मलाही वाटते, पण माझे कारण शेअरबाजाराचे नाही, त्या दिवशी आमच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या मुलाचे आहे. पंचविशीतला असेल. पांढरी टोपी, तोंडाला मुसके, हातात अरुंद सुरी. त्याने ढकलगाडीवर बदक आणले, आम्हाला दाखवले, आणि कापायला लागला. आधी छातीची कातडी, नुसती, साखरेत बुडवून खायची. मग प्रत्येक कापात कातडीही आणि मांसही, पानासारखे तिरके तुकडे. बदक गार व्हायच्या आत सगळे उरकायचे. तो एकदाही थांबला नाही. दुभाषी मुलगी म्हणाली, एका बदकाचे एकशेआठ तुकडे करायची इथली रीत आहे. एकशेआठ म्हटल्यावर पत्नीने माझ्याकडे पाहिले. जपाची माळ बदकापर्यंत पोचेल असे दोघांनाही वाटले नव्हते.

मी तुकडे मोजायला लागलो. सवयच ती. तिकडे पत्नीने दुभाषीकडून पोळी भरायची रीत शिकून घेतली होती. दोन लाट्यांमध्ये तेल लावून एकत्र लाटलेली, भाजल्यावर सोडवलेली ती पातळ पोळी तिला लगेच ओळखीची वाटली. तिच्यावर गव्हाच्या आंबवलेल्या पिठाची काळसर गोड चटणी, पात, काकडी, वर बदकाचे दोन तुकडे, आणि गुंडाळी. मी बासष्टपर्यंत आलो तेव्हा तिने पहिली गुंडाळी माझ्या तोंडासमोर धरली. ''गार होईल,'' ती म्हणाली. मी खाल्ली. पुन्हा ताटाकडे पाहिले तर तिने मधलेच चार-सहा तुकडे उचललेले होते आणि तो मुलगा नवे मांडत होता. कितीपर्यंत आलो होतो ते काही केल्या आठवेना.